स्क्रूवरची लाल रेघ

आधीच माफी मागतो. माझ्यासारख्याने आठवणी लिहायला बसावं असं माझ्या आयुष्यात काही घडलेलं नाही. मी अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. फळ्यावर लिहायची सवय आहे, कागदावर लिहायची नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे लिहिणं हे दुसऱ्यांचं काम आणि आपण ते वाचायचं, असं मला आतून अजूनही वाटतं. मागची प्रकरणं कशीबशी लिहून झाली. त्यांत गाव होतं, मजुरीला जाणारे आई-बाबा होते, शाळा होती, आणि त्या सगळ्यांत मी चांगला मुलगा होतो. या प्रकरणात मी तसा नाही. म्हणून हे लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. विषयही असा, की वाचणाऱ्याला वाटेल, यात लिहिण्यासारखं काय आहे? छऱ्याच्या बंदुकीवर कोणती दुर्बीण टिकेल, एवढाच तो प्रश्न होता. त्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं. ते चुकलं याची लाज मला फारशी नाही, चुका विद्यार्थी करतातच. लाज त्यानंतरच्या दोन शब्दांची आहे.

बारावी झाल्यावर बी.एस्सी.साठी नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या गावाहून मला अकोल्याला मामाकडे ठेवलं. मामाचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे न्हाणी. पुढची खोली दिवसा दुकान असायची आणि रात्री माझी झोपायची जागा. मामा शिकलेला चौथी, पण जे फिरतं, दाबतं, उडतं ते सगळं दुरुस्त करायचा: मिक्सर, शिलाई मशीन, स्टोव्ह, कुलपं, आणि जत्रेत फुगे फोडायला ठेवतात त्या छऱ्याच्या बंदुका. फुगेवाले लांबलांबून त्याच्याकडे यायचे. त्या घराचे आवाज मला अजून पाठ आहेत. सकाळी मामीच्या हातावर थापली जाणारी ज्वारीची भाकर, मग कानशीचा खरखर आवाज, मधेच एखादा मिक्सर रिकामाच किंचाळायचा, आणि दुपारी मागच्या अंगणात मामा दुरुस्त केलेली बंदूक मातीच्या ढिगाऱ्यावर झाडून बघायचा. त्या बंदुकीचा आवाज फटाक्यासारखा नसतो. आत दाबून बसवलेली स्प्रिंग सुटते आणि दट्ट्या पुढे जाऊन आपटतो, त्यामुळे खांद्यापाशी 'धप्प' असा जाड आवाज होतो, कुणी गोणी टाकल्यासारखा. मामा तो आवाज ऐकूनच सांगायचा, वॉशर गेला की स्प्रिंग वाकली.

रविवारी सकाळी आम्ही विहारात वंदनेला जायचो आणि परत आल्यावर मामी पातोडीचा रस्सा करायची. बेसनाच्या वड्या थापून, कापून, लालभडक तर्रीत सोडलेल्या. मामाच्या ताटात चार वड्या, प्रवीणच्या, म्हणजे माझ्या मामेभावाच्या ताटात पाच, आणि माझ्या ताटात सहा, कारण मी 'डोक्याचं काम' करत होतो. मामा मला नावाने हाक मारत नसे. 'मास्तर' म्हणायचा. "मास्तर, तुह्या पुस्तकात लिवलं हाय का रस्सा असा कावून झोंबते?" मामी त्याला गप्प करायची. तोंडाने गप्प व्हायचा, पण डोळे हसत राहायचे. मी हल्ली वर्गात पहिल्यांदा कुणी मला 'सर' म्हटलं की क्षणभर थांबतो. मला तिथे दुसरा शब्द ऐकू येतो.

अकोल्यात तेव्हा एक रायफल क्लब होता. क्लबचे सचिव म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर. त्यांना सगळे 'साहेब' म्हणायचे, मीही तेच म्हणेन. गावाबाहेर एका पडीक जागेवर टिनाचं शेड, त्यापुढे मोकळं मैदान, आणि मैदानात वेगवेगळ्या अंतरांवर पत्र्याचे पक्षी उभे केलेले. प्रत्येक पक्ष्याच्या छातीत सुपारीएवढं भोक. छर्रा त्या भोकातून आत गेला तरच पक्षी पडायचा, कडेला लागला तर नुसताच वाजायचा. क्लबच्या आठ बंदुका दुरुस्तीला मामाकडे यायच्या, त्या ओळखीवर मामाने साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला आणि मला रविवारी दुपारी नेम धरायला मिळू लागला. माझा हात स्थिर निघाला. साहेबांनी पाठीवर थाप मारली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आपण या शहरात आहोत.

मामाची स्वतःची एक आशा त्या शेडशी बांधलेली होती. शेडच्या टोकाला एक रिकामी खोली होती. साहेब म्हणाले होते, पुढच्या हिवाळ्यात अमरावतीच्या क्लबबरोबर सामना आहे, तो नीट पार पडला की ती खोली मिस्त्रींना देऊ, क्लबचा कायमचा मिस्त्री म्हणून तिथे बसा. हे ऐकून आल्यावर मामाने आंब्याची एक जाड फळी आणली, त्या खोलीच्या भिंतीचं माप घेऊन कापली, रंधा मारून गुळगुळीत केली आणि घरात उभी करून ठेवली. येताजाता तिच्यावर हात फिरवायचा. मामी म्हणायची, "एवढा हात माह्या पाठीवरून कधी फिरला नाई." त्या दुकानात माणसं दारातूनच वस्तू टाकून जायची, 'ए मिस्त्री' म्हणून. खोली मिळाली असती तर दाराबाहेर त्याचं नाव लागलं असतं. ते त्याने बोलून दाखवलं नव्हतं, पण माझ्या वहीच्या कोऱ्या राहिलेल्या मागच्या पानावर त्याने एकदा माझ्याकडून स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं आणि कागद फाडून खिशात ठेवला होता.

सामन्यासाठी आठही बंदुकांवर दुर्बिणी बसवायच्या ठरल्या. क्लबकडे आधीच्या तीन जुन्या दुर्बिणी होत्या, तिन्ही बिघडलेल्या. साहेबांनी त्या मामाकडे पाठवल्या, दुरुस्त होतात का बघायला. मामाने त्या दुकानातल्या पाटावर पांढरं फडकं पसरून उघडल्या. मी शेजारी बसलो होतो. आत केसाएवढ्या दोन तारा एकमेकींवर आडव्याउभ्या ताणलेल्या असतात, नेम धरायचं अधिकचं चिन्ह ते. एकीत ती तार तुटून पडली होती, दुसरीत भिंग धरून ठेवणारी कडी सुटून मागे, डोळ्याच्या बाजूला सरकली होती, तिसरीत आतली नळीच हलत होती. मामा नखाने ती कडी हलवून बघत राहिला. मग म्हणाला, "तिन्हीले पुढून मार बसला हाय, मास्तर. मागून कोनालेच नाई." मी म्हणालो, मामा, गोळी पुढे जाते म्हणून बंदूक मागे येते, धक्का मागेच बसतो. तो म्हणाला, "असंल. पन हे पाह्य ना, कडी कोनीकडं पळाली ते." मी पाहिलं नाही. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं, पण माझ्या डोक्यात तेव्हा न्यूटनचा तिसरा नियम होता आणि तो मी चारच महिन्यांपूर्वी परीक्षेसाठी पुन्हा घोकला होता.

दुर्बिणी निवडायची बैठक शेडमध्ये झाली. क्लबचे सात-आठ सभासद, साहेब, मी, आणि कडेला पेटीवर बसलेला मामा. मी सायबर कॅफेत दोन दुपारी घालवून माहिती काढून आणली होती आणि एका दुर्बिणीचं चित्रही छापून आणलं होतं. तिच्या डब्यावर बर्फाचा डोंगर आणि शिंगांचं हरिण होतं. मोठ्या शिकारी रायफलवर ती चालते, असं लिहिलेलं होतं. माझा हिशेब सरळ होता: जी दुर्बीण हरिण मारणाऱ्या बंदुकीचा धक्का सोसते तिला आपल्या छऱ्याच्या बंदुकीचं काय? मामाने एका फुगेवाल्याकडून आणलेली एक लहान, काळी, साधी दुर्बीण समोर ठेवली. डब्यावर फक्त 'एअर रायफलसाठी' एवढंच छापलेलं. तिला बंदुकीवर धरून ठेवणारा पट्टा अखंड होता, दोन वेगळ्या कड्यांचा नव्हता, आणि पट्ट्याखाली एक छोटी खुंटी होती, जी बंदुकीवरच्या भोकात बसली की दुर्बीण मागे सरकत नाही. दहा पावलांवरचंही तिच्यातून स्पष्ट दिसायचं. मामा साहेबांना म्हणाला, "साहेब, हे बंदूक दोन डाव मारते. एक डाव मागं, आन् लगेच एक डाव पुढं. मोठ्या बंदुकीची दुर्बीण मागचा मार खाते. पुढचा कशी खाईन, तिले पुढून टेकाच नाई." मग त्याने हेही सांगितलं, की कोणतीही घ्या, पण आधी एकच आणू, तिच्यावर पाचशे छर्रे मारू, टिकली तर बाकीच्या आणू.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "सुमेध, तू फिजिक्सवाला आहेस. तुझं काय म्हणणं?"

मी उभा राहिलो. बसून बोललो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "सर, मिस्त्रींना अनुभव आहे. पण हा विषय अनुभवाचा नाही, फिजिक्सचा आहे." आणि कागदावर बंदूक काढून दोन बाण काढले, छऱ्याचा पुढे आणि बंदुकीचा मागे. पुढचा धक्का शक्यच नाही, असंही म्हणालो. मी मामाला 'मिस्त्री' म्हटलं हे माझ्या लक्षात आलं ते म्हणून झाल्यावर. तिथे सगळेच तसं म्हणायचे, म्हणून ते कुणाला खटकलं नाही. एक सभासद हसून म्हणाला, "मिस्त्री, पुढच्या साली तुमी बी परीक्षेले बसा." मामाही हसला. "नापास होईन ना बाप्पा," म्हणाला, आणि त्याने आपली काळी दुर्बीण फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. हरणाच्या डब्यातल्या दुर्बिणी आल्या. मामाच्या दुर्बिणीपेक्षा बऱ्याच महाग होत्या, आणि त्या महाग आहेत याचाही मला तेव्हा अभिमान वाटला.

त्या बसवल्या मात्र मामानेच, आणि इतक्या निगुतीने, जणू त्याच्याच पसंतीच्या होत्या. स्क्रू आवळताना तो किल्ली मुठीत धरत नसे, अंगठा आणि एक बोट, बस. "मुठीनं आवळलं का नळी दबते, आन् दबली का गेली," हे तो प्रत्येक स्क्रूला म्हणायचा. साहेबांनी येऊन प्रत्येक बंदुकीवर स्वतः किल्ली फिरवून पाहिली, ठीक आहे म्हणाले आणि गेले. ते गेल्यावर मामाने खिशातून मामीची नेलपॉलिशची बाटली काढली. हे त्याचं जुनं काम. कुठलाही महत्त्वाचा स्क्रू बसवला की तो स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर एक बारीक रेघ ओढायचा. पुढे स्क्रू आपोआप ढिला झाला किंवा कुणी फिरवला, की रेघ तुटलेली दिसायची. मामी ती बाटली डाळीच्या डब्यात लपवायची आणि तो शोधून काढायचा. त्या सकाळीही घरातून निघताना ती ओरडली होती, "काहून, तुमच्या बंदुकीचं लगन हाय का आज?" मी बाटली धरून उभा राहिलो आणि मामाने आठ बंदुकांवर, प्रत्येकी चार स्क्रूंवर, तिळाएवढ्या लाल रेघा ओढल्या. त्या रेघांबद्दल जगात दोघांनाच माहीत होतं. आम्ही प्रत्येक बंदुकीतून चाळीसेक छर्रे मारले. सगळं व्यवस्थित होतं. मी मामाकडे पाहिलं, तो म्हणाला, "चांगल्या हायेत." त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की मी बरोबर असेन, कारण मी शिकत होतो.

सामना अमरावतीत, वलगाव रस्त्याकडच्या एका मैदानावर होता. त्याआधीचे पंधरा दिवस आम्ही रोज सराव केला, म्हणजे प्रत्येक बंदुकीतून कित्येक शे छर्रे गेले. आदल्या संध्याकाळी बंदुका अमरावतीला आणून एका खोलीत ठेवल्या, आणि मामा फडक्याने नळ्या पुसत तिथे बसला होता. सकाळी पहिला मी. तीन नंबरची बंदूक. पहिले पाच पक्षी पडले. सहाव्याला छर्रा कडेला वाजला. सातव्याला आवाजच आला नाही. मी पुन्हा डोळा लावला तर आतलं अधिकचं चिन्ह थोडं कललेलं दिसलं. पुढच्या छऱ्याला ते आणखी कललं, आणि त्यापुढच्याला अधिकचं चिन्ह सरळ गुणाकाराचं झालं. मग त्यातली एक तार खाली लोंबली. माझ्यामागून आणखी दोघांच्या दुर्बिणी भरकटल्या. नेम डावीकडे धरला तर छर्रा उजवीकडे. अमरावतीची मंडळी हळूहळू हसू लागली. दुपारपर्यंत आम्ही हरलो, तेही जवळपास काही न पाडता.

मैदानाच्या कडेला एका झाडाखाली साहेबांनी तीन नंबरची बंदूक हातात घेतली. आजूबाजूला क्लबचे सगळे. साहेबांचा चेहरा उतरला होता, पाहुण्यांसमोर शोभा झाली होती, आणि दुर्बिणींच्या खरेदीवर सही त्यांची होती. ते म्हणाले, मी स्वतः किल्ली फिरवून पाहिलं होतं तेव्हा सगळं ठीक होतं. म्हणजे नंतर कुणीतरी स्क्रू पुन्हा आवळले, नळी दाबली आणि दुर्बीण मेली. मामा आपली पेटी घेऊन बाजूला उभा होता. साहेब माझ्याकडे वळले.

"काल संध्याकाळी मिस्त्री रायफलींजवळ होते का?"

"होते, सर."

"पेटी होती बरोबर?"

"होती, सर."

एवढंच. यात एक शब्द खोटा नाही. दर रविवारी विहारात मी पंचशील म्हणत होतो, त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं, आणि त्या दिवशी मी ते मोडलं नाही, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. बंदूक साहेबांच्या हातात होती. चारही स्क्रूंवर लाल रेघा होत्या. मी उभा होतो तिथून त्यातल्या दोन मला दिसत होत्या, अखंड, शेजारच्या लोखंडावर जशा ओढल्या तशा. मला फक्त बोट दाखवायचं होतं. सर, या रेघा बघा, स्क्रू कुणी फिरवलेले नाहीत. पण मग पुढचा प्रश्न आला असता. स्क्रू नाहीत, तर दुर्बीणच कच्ची, आणि दुर्बीण कुणी निवडली? साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं, बी.एस्सी. झाली की अमरावतीत पुढच्या शिक्षणासाठी आणि प्रयोगशाळेतल्या कामासाठी ते शिफारशीची चिठ्ठी देतील. ते सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं, असं मी म्हणू शकत नाही. क्षण चांगला मोठा होता.

मामाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. उघडलेल्या मशीनकडे तो जसा बघायचा, काय कुठे अडलंय ते शोधत, तसं पाहिलं. त्याला सापडलं. मग तो साहेबांना म्हणाला, "असंल साहेब. आवळला असंल एखांदा. मले आता आठवत नाई." ज्या माणसाला मागच्या वर्षीच्या मिक्सरचा स्क्रू कुठून आणला तेही आठवायचं, तो हे म्हणाला. साहेबांनी बंदूक तिच्या पेटीत ठेवली, ही अशीच राहू द्या, हात लावू नका म्हणाले, आणि पेटीला कुलूप लावलं.

परतीच्या एस.टी.ला वेळ होता. मामा मला स्टँडजवळ घेऊन गेला आणि गिला वडा मागवला, दह्यातला. मी वाटी बाजूला सरकवली. तो म्हणाला, "खाय. दुपारचं काहीच नाई खाल्लं तू." मी खाल्लं. सगळं खाल्लं, वाटी पुसून. हेही मला लिहायचं होतं. बसमध्ये बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मी खिडकीकडे तोंड करून बसलो, आणि तो आपल्या पेटीवर हात ठेवून बसला. अकोला जवळ आल्यावर मला वाटलं, आता बोलावं. तो तेवढ्यात म्हणाला, "मामीले सांगू नको. ते साहेबाच्या घरी भांडाले जाईन." म्हणजे त्याने मला न बोलायला एक कारणही आणून दिलं.

खोली मिळाली नाही. क्लबच्या बंदुका येणं बंद झालं. आंब्याची फळी काही दिवस तशीच उभी होती, मग एक दिवस मामाने ती मामीच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात भिंतीला ठोकली आणि तिच्यावर डबे आले. मामीने का विचारलं, तर म्हणाला, लाकूड वाया कशाला घालवायचं. रविवारी पातोडी व्हायची. माझ्या ताटात सहा वड्या पडायच्या. मामा जेवताना आधीसारखाच बोलायचा, फक्त 'मास्तर' म्हणणं थांबलं होतं, सुमेध म्हणू लागला. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. मी अभ्यासाचं कारण काढून उशिरा जेवू लागलो, एकटा. त्यानंतरच्या वर्षी क्लबातल्या एका मुलाने मला सांगितलं, की साहेबांनी नव्या दुर्बिणी आणल्यात, लहान, काळ्या, खुंटीवाल्या, आणि त्या हलायचं नाव घेत नाहीत. ही गोष्ट मी घरी येऊन मामाला सांगायला हवी होती. ती मी सांगितली नाही. बी.एस्सी. झाल्यावर साहेबांनी चिठ्ठी दिली. त्यात माझ्याबद्दल चार ओळी होत्या आणि त्यात 'प्रामाणिक' हा शब्द होता. ती चिठ्ठी घेऊन मी अमरावतीला आलो आणि इथलाच झालो.

एम.एस्सी.ला असताना एकदा प्रयोगशाळेत बसून मी ते गणित नीट मांडलं. घोडा ओढला की आतला जड दट्ट्या पुढे धावतो, म्हणून बंदूक मागे जाते. पण तो दट्ट्या टोकाला पोचून दबलेल्या हवेवर अडतो, आणि अडताना बंदुकीलाच पुढे ढकलतो. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधी दोन धक्के होऊन गेलेले असतात, उलटसुलट. मागचा धक्का सोसायला केलेली दुर्बीण पुढच्याला उघडी पडते. हे सगळं त्याच तिसऱ्या नियमात होतं. मी कागदावर दोन बाण काढले होते, चार काढायला हवे होते. मामाने ते कागदाशिवाय, नखाने एक कडी हलवून ओळखलं होतं. आता मी दर वर्षी वर्गात हा नियम शिकवतो आणि दर वर्षी मुलांना सांगतो, की यंत्राच्या आत काय हलतंय ते आधी बघा. कुठून शिकलो ते सांगत नाही.

मामाकडे मी जात राहिलो, लग्नाकार्याला, आजारपणाला. पण जेवायला कधी थांबलो नाही. एस.टी. चुकेल, उद्या तास आहे, पोट बरं नाही. मामी डबा बांधून द्यायची. त्याच्या गुडघ्यांचं सांगायची, प्रवीणच्या नोकरीचं सांगायची. गेल्या वर्षी तिने सांगितलं की मामाचे डोळे गेले. एकाचं ऑपरेशन झालं पण उपयोग नाही, दुसऱ्याचं डॉक्टर नाही म्हणतात. दुकान बंद केलं. परत येताना बसमध्ये मी हिशेब केला, तर त्या दिवशी झाडाखाली मामा जेवढ्या वयाचा होता तेवढा मी आता झालोय. त्या आठवड्यात मी साहेबांना पत्र लिहिलं. ते आता फार थकलेत, कुणाला भेटत नाहीत, असं कळलं होतं. पत्रात मी रेघांचं लिहिलं, बाटली मी धरली होती हे लिहिलं, आणि आदल्या संध्याकाळी मिस्त्री फक्त नळ्या पुसत होते हेही लिहिलं. मिस्त्री हा शब्द खोडून त्याजागी 'माझे मामा' असं लिहिलं. ते पत्र मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो आणि मग टाकलं. उत्तर आलं नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. मला वाटलं, उशीर झाला, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. तेही इथे लिहून ठेवतो.

मग परवा सकाळी, मी कॉलेजला निघालो असताना, प्रवीणचा फोन आला. म्हणाला, दादा, साहेबांचा नातू घरी येऊन गेला. एक लांब पेटी घेऊन आला होता. तीन नंबरची बंदूक, त्यावर ती तुटकी दुर्बीण तशीच. इतकी वर्षं त्यांच्या कपाटात पडून होती. साहेबांनी पत्र दोनदा वाचून घेतलं म्हणे, मग पेटी उघडवली, चष्मा लावून बराच वेळ बघत बसले, आणि म्हणाले, हे मिस्त्रींकडे नेऊन द्या, आणि मी चुकलो म्हणून सांगा. नातवाने तसंच सांगितलं.

मी विचारलं, मामा काय म्हणाला?

प्रवीण म्हणाला, आधी बंदूक मांडीवर घेतली, दिसत तर नाही, हातानेच पूर्ण चाचपली. मग अंगठ्याचं नख प्रत्येक स्क्रूवरून हळूहळू फिरवलं, एक, दोन, तीन, चार. आई मागून विचारत होती, काय शोधून राहिले? थोड्या वेळाने तुझं नाव घेतलं.

"माझं नाव?"

"नाव नाई, दादा. बाबा म्हणाले, मास्तरले फोन लाव. त्याले म्हन, रेघ हाय."